राज्यपालनियुक्त आमदारांच्या बातम्या: पेपरचा कल कसा तपासायचा

‘अमुक पेपर विकला गेलाय’ हे वाक्य कुठल्याही फॅमिली ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येतंच. पुरावा मागितला की एका बातमीचा कापलेला फोटो येतो, वर तारीख नाही, खाली पान क्रमांक नाही. त्यावर दुसरा कुणी उलट्या बाजूचा असाच फोटो टाकतो आणि वाद तिथेच विझतो.

पेपर कुणाकडे झुकलेला आहे हे तपासता येतं. त्यासाठी पत्रकारितेची पदवी लागत नाही. थोडी चिकाटी आणि एक आखलेली वही लागते. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटासाठी मी ही तपासणी केली, पुढे पत्रकारिता शिकणाऱ्या काही मुलांकडूनही करून घेतली. नवीन माणूस कुठे अडतो हे त्यातून लक्षात आलं, म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. एकाच दिवसाचे दहा पेपर शेजारी ठेवले की कल कळतो, असं बहुतेकांना वाटतं. त्यातून पेपरांमधला फरक कळतो, पण चुकतंय कोण हे कळत नाही. त्यासाठी एकाच पेपरचे दोन दिवस शेजारी ठेवावे लागतात: कृती तीच, फक्त करणारे बदललेले. तेव्हा तो पेपर काय म्हणाला होता आणि आता काय म्हणतो?

अशी जोडी शोधायला महाराष्ट्रात फार लांब जावं लागत नाही. राज्यपालांनी विधान परिषदेवर सदस्य नेमणं हा प्रकार २०२० ते २०२४ या काळात दोन्ही बाजूंनी करून दाखवला आहे.

काय काय लागेल

- संविधानाच्या कलम १७१ची मराठी प्रत (दोन पानं पुरतात)
- पाच-सहा पेपरांचे ठरावीक तारखांचे अंक, छापील किंवा ई-पेपर
- राजभवनाची किंवा माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची त्या वेळची प्रसिद्धिपत्रकं, मिळतील तेवढी
- न्यायालयीन निकाल असेल तर मूळ आदेशाची प्रत. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते
- गूगल शीट किंवा साधी आडवी वही
- तुमच्या राजकीय मतांशी अजिबात न जुळणारा एक मित्र (याचं काम शेवटी आहे, पण त्याला आत्ताच सांगून ठेवा)

१. आधी घडलं काय, ते स्वतःपुरतं साफ करून घ्या

बातम्या उघडण्याआधी घटनाक्रम लिहून काढा. तो नसेल तर पहिली वाचलेली बातमीच तुम्हाला सत्य वाटायला लागते आणि पुढच्या सगळ्या बातम्या तुम्ही तिच्या फूटपट्टीनं मोजता.

विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या १२ राज्यपालनियुक्त. कलम १७१(५) प्रमाणे साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्ती या जागांवर नेमायच्या असतात. नावं मंत्रिमंडळ सुचवतं, सही राज्यपालांची.

आता तारखा.

एप्रिल २०२०. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होते, पण कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. शपथ २८ नोव्हेंबर २०१९ची, म्हणजे सहा महिन्यांच्या आत सभागृहात यायला हवं होतं. लॉकडाउनमुळे निवडणुका पुढे गेलेल्या. ९ एप्रिलला मंत्रिमंडळानं रिकाम्या राज्यपालनियुक्त जागेवर त्यांचं नाव सुचवलं. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निर्णय घेतला नाही. महिनाअखेरीस मंत्रिमंडळानं पुन्हा शिफारस केली. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून परिषदेच्या नऊ रिकाम्या जागांची निवडणूक घ्यायची विनंती केली, आयोगानं ती मान्य केली आणि मे महिन्यात ठाकरे बिनविरोध निवडून आले. नेमणूक झालीच नाही.

६ नोव्हेंबर २०२०. महाविकास आघाडीनं १२ नावांची यादी राज्यपालांना दिली. त्यात एकनाथ खडसे होते, ऊर्मिला मातोंडकर होत्या, राजू शेट्टी होते, गायक आनंद शिंदे होते, रजनी पाटील आणि सचिन सावंत होते. यादीवर ना सही झाली, ना ती परत आली.

१३ ऑगस्ट २०२१. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. यावर पुढे सविस्तर बोलू.

सप्टेंबर २०२२. सरकार बदललं होतं. एकनाथ शिंदे यांच्या सरकारनं जुनी यादी मागे घेतली.

१५ ऑक्टोबर २०२४. महायुती सरकारनं सुचवलेल्या सात जणांचा शपथविधी झाला: चित्रा वाघ, विक्रांत पाटील, बाबूसिंग महाराज राठोड, हेमंत पाटील, मनीषा कायंदे, पंकज भुजबळ, इद्रिस नायकवडी. राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन. त्याच दिवशी दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. आधीची यादी मागे घेण्याबद्दलची याचिका तेव्हा उच्च न्यायालयात निकालासाठी राखून ठेवलेली होती. जानेवारी २०२५मध्ये ती फेटाळली गेली.

एवढं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. बातमी वाचताना यातलं काय आलं आणि काय गाळलं, हे त्या कागदावर बोट ठेवून बघायचं आहे.

२. जोडी निवडा

सगळ्यात स्वच्छ जोडी म्हणजे ७ नोव्हेंबर २०२० आणि १६ ऑक्टोबर २०२४ या दोन तारखांचे अंक. एका बाजूला आघाडीची यादी, दुसऱ्या बाजूला महायुतीची. दोन्हीकडे पक्षाची माणसं, नाराजांची समजूत आणि जातीपातीची गणितं, आणि दोन्हीकडे कलम १७१ची जेमतेम सोय लावलेली. फरक एकच, आणि तो लपवू नका: पहिली यादी अडकली, दुसरीचा शपथविधी झाला. त्यामुळे ‘यादी कुणाची’ या भागाची तुलना करता येते, ‘पुढे काय झालं’ या भागाची नाही.

दुसरी जोडी जरा अवघड आहे, पण जास्त बोलकी. विलंबाबद्दल पेपर काय म्हणतो? २०२०-२१मध्ये राज्यपालांनी यादी धरून ठेवली, तेव्हाचे लेख आणि २०२४मध्ये आचारसंहितेच्या उंबरठ्यावर घाईनं शपथ झाली, तेव्हाचे लेख. एकीकडे वेळ लावल्याची तक्रार, दुसरीकडे वेळ न दवडल्याची. दोन्ही वेळी ‘संकेत’ (म्हणजे न लिहिलेली प्रथा) हा शब्द कुणी कुणाविरुद्ध वापरला ते बघा.

नवशिका इथे हमखास एक गोष्ट करतो: जोडीऐवजी ढीग गोळा करतो. ‘राज्यपाल’ शब्द टाकून शोध मारला की शेकडो बातम्या येतात, त्यातल्या रसरशीत तेवढ्या उचलल्या जातात आणि मग हवं ते सिद्ध होतं. तारखा आधी ठरवा, अंक नंतर उघडा. उघडल्यावर तारीख बदलायची नाही.

३. पेपर ठरवा, मालकी नोंदवा, आणि मालकीवर निकाल देऊ नका

‘सामना’ शिवसेनेचं मुखपत्र, फुटीनंतर ते उद्धव ठाकरे यांच्याकडेच राहिलं. ‘सकाळ’ पवार कुटुंबाचा. प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचा. विजय दर्डा राज्यसभेत होते, राजेंद्र दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. ‘लोकसत्ता’ इंडियन एक्स्प्रेस समूहाचा, ‘महाराष्ट्र टाइम्स’ टाइम्स समूहाचा. ‘प्रहार’ राणे कुटुंबाचा. ‘तरुण भारत’ संघविचारांचा म्हणून ओळखला जातो, पण जरा थांबा: बेळगावचा ‘तरुण भारत’ हा वेगळा पेपर आहे, त्याची मालकी वेगळी, परंपरा सीमालढ्याची, गोव्यात आणि कोकणात तो घरोघरी जातो. नाव बघून त्याला नागपूरच्या खात्यात टाकणारे खूप भेटतात. कोकणातल्या वाचकाला हे सांगायची गरज नाही, पुण्या-मुंबईतल्याला आहे.

ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पान उलटा. मालकीवरून प्रश्न काढायचा असतो, उत्तर नाही. काँग्रेसी घराण्याचा पेपर भाजपच्या जाहिरातींनी भरलेला असू शकतो. एकाच पेपरची मुंबई आवृत्ती एक सूर लावते आणि जिल्हा पान दुसरा, कारण तिथल्या वार्ताहराला रोज त्याच आमदाराच्या दारात जायचं असतं.

मुखपत्र घ्यायचं की नाही? घ्या, पण वेगळ्या रकान्यात. त्याचा कल शोधायचा नसतो, तो त्यानं स्वतःच जाहीर केलेला असतो. त्याचा उपयोग टोक कुठे आहे हे कळायला होतो. इतर पेपर त्या टोकापासून किती अंतरावर उभे आहेत ते मग नीट दिसतं.

४. अंक मिळवा

ई-पेपरचे जुने अंक काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी वर्गणी भरून, काही ठिकाणी ठरावीक महिन्यांपुरतेच मिळतात. २०२०चे अंक हवे असतील तर वाचनालय गाठा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयात अंक बांधून ठेवतात की वर्षअखेरीस रद्दीत देतात, हे जाण्याआधी फोनवर विचारा. ग्रंथपालांना ‘संशोधनासाठी’ असं म्हणा. ‘पेपर कुणाचा चमचा ते बघायचंय’ असं म्हटलं की कपाटाची किल्ली सापडत नाही.

संकेतस्थळावरची बातमी आणि छापील बातमी एकच समजू नका. संकेतस्थळावरचा मथळा दिवसातून बदलतो, कधी क्लिकसाठी, कधी फोन आला म्हणून. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तो दुवा टाकला तर जुनी रूपं कधीकधी सापडतात. सापडली तर तारीख-वेळेसकट जपून ठेवा. बदललेला मथळा हा स्वतंत्र पुरावा असतो.

आवृत्ती नोंदवायला विसरू नका. पंकज भुजबळांची बातमी नाशिक आवृत्तीत पहिल्या पानावर येणारच, हेमंत पाटलांची हिंगोली-नांदेडकडे, चित्रा वाघ यांची मुंबईत. ते कल नाही, ते गिऱ्हाईक आहे. सगळ्या पेपरांची एकाच शहराची आवृत्ती घ्या.

५. तक्ता आखा

दर बातमीला एक ओळ. रकाने असे: तारीख, पेपर, आवृत्ती, पान, किती कॉलम, पानाच्या घडीच्या वर की खाली, मथळा जसाच्या तसा, मथळ्यातलं क्रियापद, त्या क्रियापदाचा कर्ता, व्यक्तीची ओळख कशी करून दिली, पहिला बोलणारा कोण, शेवटचा बोलणारा कोण, निनावी सूत्रं किती, कलम १७१चा उल्लेख आहे की नाही, ‘ही व्यक्ती कुठल्या क्षेत्रातून?’ हा प्रश्न विचारला की नाही, शेजारी कोणती बातमी होती.

‘एकूण सूर: अनुकूल / प्रतिकूल’ असा रकाना ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. तो रकाना असला की बाकीचे रकाने त्याला साजेसे भरले जातात.

६. मथळ्यातलं क्रियापद वेगळं काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. १२ नावांची यादी राजभवनात पडून होती, ही एकच गोष्ट मराठीत किती तऱ्हांनी सांगता येते बघा. (ही वाक्यं नमुन्यासाठी मीच बनवली आहेत, कुठल्या पेपरातली नाहीत.)

यादी रखडली.
यादी राज्यपालांच्या विचाराधीन.
राज्यपालांनी यादी रोखली.
यादी राजभवनात धूळ खात.
बारा जणांची प्रतीक्षा लांबली.

‘रखडली’मध्ये कुणी काही केलेलंच नाही; यादी आपणहून रखडली, पावसाळ्यात एसटी रखडावी तशी. ‘रोखली’ म्हटलं की माणूस समोर उभा राहतो. ‘विचाराधीन’ म्हणजे विचार चालू आहे, असं पेपरनं राज्यपालांच्या वतीनं सांगून टाकलं. ‘धूळ खात’मध्ये राग आहे. ‘प्रतीक्षा लांबली’मध्ये बातमी यादीची राहिलीच नाही, इच्छुकांची झाली. म्हणून क्रियापद आणि कर्ता हे दोन रकाने. कर्ता नसेल तर ‘नाही’ असं लिहा. एखादा पेपर एका राज्यपालाच्या वेळी सतत ‘रखडली’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या वेळी ‘रोखली’, हे दहा ओळींतच दिसायला लागतं.

नेमणुकीच्या बातमीत आणखी काही शब्द हमखास येतात. ‘वर्णी लागली’, ‘पुनर्वसन’, ‘मागच्या दारानं’, ‘लॉटरी’ हे एका गटातले. ‘संधी’, ‘न्याय’, ‘निष्ठेचं फळ’, ‘सन्मान’ हे दुसऱ्या. ‘नियुक्ती’ आणि ‘नेमणूक’ मधे. खडसे यांच्या नावाला ‘पुनर्वसन’ म्हणणारा पेपर हेमंत पाटील यांच्या नावालाही तेच म्हणतो का? एकाच शब्दाचा असा पाठलाग केला तर मोठमोठ्या चर्चेपेक्षा जास्त हाती लागतं.

आता १३ ऑगस्ट २०२१चा तो निकाल. न्यायालयानं राज्यपालांना थेट आदेश दिला नाही, कारण राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. पण मंत्रिमंडळाची शिफारस स्वीकारणं किंवा परत पाठवणं हे वाजवी मुदतीत व्हायला हवं, आणि आठ महिने हा पुरेसा काळ होता, असं मत नोंदवलं. यावर एक उपसंपादक ‘राज्यपालांना दणका’ असा मथळा देऊ शकतो, दुसरा ‘राज्यपालांना आदेश देण्यास न्यायालयाचा नकार’ असा. दोघंही खोटं लिहीत नाहीत. म्हणून मूळ आदेश जवळ हवा. मथळ्यात जो अर्धा भाग आला नाही, तो बातमीत कितव्या परिच्छेदात येतो ते मोजा. दुसऱ्या परिच्छेदात असेल तर मथळा फक्त चटकदार आहे. सातव्यात असेल किंवा नसेलच, तर नोंद घ्या.

अवतरणचिन्हं आणि प्रश्नचिन्हं पण बघा. ‘समाजसेवक’ या शब्दाला मथळ्यात एकेरी अवतरणात बसवलं की उपसंपादकानं डोळा मारलेला असतो.

७. माणसाची ओळख कशी करून दिली

जुलै २०२५मध्ये राष्ट्रपतींनी उज्ज्वल निकम यांना राज्यसभेवर नेमलं. (ते कलम ८०, तिथे सहकार चळवळ हे क्षेत्र नाही. दोन कलमांची सरमिसळ होते, जपा.) बातमीच्या पहिल्या वाक्यात त्यांच्या नावाआधी काय आलं? ‘२६/११ खटल्यातले विशेष सरकारी वकील’ हे खरं आहे. ‘२०२४मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून पराभूत झालेले भाजपचे उमेदवार’ हेही खरं आहे. दोन्ही देणारा पेपर वाचकाला मोकळं सोडतो. एकच देणाऱ्यानं निवड केली आहे.

तीच कसोटी मागे न्या. ऊर्मिला मातोंडकर ‘अभिनेत्री’ की ‘२०१९मध्ये काँग्रेसकडून लढून हरलेल्या’? बाबूसिंग महाराज ‘पोहरादेवीचे महंत’ की बंजारा मतांचं गणित? आनंद शिंदे यांच्या बाबतीत ‘लोकगायक’ म्हटल्यावर कलेचा निकष आपोआप पुरा होतो. मग त्याच यादीतल्या पक्ष प्रवक्त्याचा निकष कोणता, हे कुणी विचारलं का?

मराठीत आदरार्थी बहुवचनाचा एक जादा सापळा आहे. नेत्याला कुणी एकेरी लिहीत नाही, पण ‘उद्धव यांनी’, ‘ठाकरे यांनी’, ‘दादांनी’, ‘भुजबळपुत्र’ या प्रत्येकात अंतर वेगळं आहे. ‘भुजबळपुत्र’ म्हणणाऱ्या पेपरानं दुसऱ्या पक्षातल्या मुलांनाही ‘पुत्र’ म्हटलं असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर लिहून ठेवा.

८. कोण बोललं, आणि कुठल्या क्रियापदानं बोललं

‘सांगितले’ हे साधं. ‘दावा केला’ म्हटलं की शंका आली. ‘स्पष्ट केले’ म्हटलं की पेपरनं ते खरं मानलं. ‘आरोप केला’ आणि ‘निदर्शनास आणले’ यांत तर दोन पक्षांचं अंतर आहे. ‘कबुली दिली’ हा शब्द दिसला की मूळ वाक्य शोधाच. पुष्कळदा माणसानं नुसतं ‘हो’ म्हटलेलं असतं.

शेवटचा बोलणारा महत्त्वाचा, कारण वाचकाच्या कानात तोच राहतो. दोन्ही बाजूंना चार-चार ओळी देऊन शेवट कायम एकाच बाजूनं होत असेल तर तो समतोल फक्त ओळींचा आहे.

‘सूत्रांची माहिती’ वेगळी मोजा. राज्यपाल काय विचार करताहेत, कुणाच्या नावावर आक्षेप आहे, अशा गोष्टी बहुतेक सूत्रांकडूनच येतात आणि त्या कुणाच्या तरी सोयीच्या असतात. ‘या सूत्राचं म्हणणं छापून आल्यानं फायदा कुणाचा?’ एवढाच प्रश्न शेजारी लिहा. मला विचाराल तर नेमणुकीच्या बातम्यांतली अर्धी सूत्रं म्हणजे स्वतः इच्छुकच असतात.

९. काय छापलंच नाही

हे शोधायला सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं. भिंतीवरचा घटनाक्रमाचा कागद घ्या. १६ ऑक्टोबर २०२४च्या बातमीत याचिका प्रलंबित असल्याचा उल्लेख आहे का? आचारसंहिता काही तासांवर होती, हे आहे का? याआधीच्या सरकारची यादी जवळपास दोन वर्षं अडली होती, हे आहे का? तसंच ७ नोव्हेंबर २०२०च्या बातमीत: खडसे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी भाजप सोडून राष्ट्रवादीत आले होते, हे आहे का? बारांतले किती जण पक्षाचे पदाधिकारी, हे आहे का? एप्रिल २०२०च्या बातमीत: ज्या जागेवर ठाकरेंचं नाव सुचवलं तिची मुदत जूनपर्यंतच होती, हे आहे का?

प्रत्येक प्रश्नाला ‘आहे / नाही’. मत लिहायचं नाही.

१०. बातमी आणि अग्रलेख एका तराजूत घालू नका

अग्रलेखाला बाजू असतेच, असायलाच हवी. ‘सामना’चा अग्रलेख एका बाजूचा आहे हे शोधून काढल्याबद्दल कुणी शाबासकी देणार नाही. प्रश्न पहिल्या पानावरच्या बातमीचा आहे. अग्रलेखांचा वेगळा तक्ता करा आणि त्यात एवढंच बघा: तत्त्व तेच राहिलं का? ‘राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे’ हे २०२०मध्ये लिहिणारा पेपर २०२४मध्येही तेच म्हणतो का? आणि ‘राज्यपालांना विवेकाधिकार आहे’ म्हणणारा?

टीव्ही आणि यूट्यूबबद्दल थोडक्यात. चर्चा मोजायला जाऊ नका, वेळ जातो आणि हाती आरडाओरडा लागतो. थंबनेल, खालची पट्टी आणि पाहुण्यांची पक्षवार यादी एवढंच नोंदवा.

११. कल म्हणण्याआधी त्या दिवशीचा बाकीचा पेपर बघा

७ नोव्हेंबर २०२०च्या अंकात यादीची बातमी लहान दिसली तर लगेच ‘दाबली’ म्हणू नका. त्या आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी रेंगाळली होती आणि अर्णब गोस्वामींची अटक गाजत होती. १६ ऑक्टोबर २०२४ला तर पहिलं पान निवडणुकीच्या तारखांनीच भरणार, शिवाय बाबा सिद्दिकी यांच्या हत्येला चारच दिवस झाले होते. एप्रिल २०२०मध्ये लॉकडाउनमुळे पेपर पातळ झाले होते आणि घरपोच वाटप विस्कळीत होतं. शेजारच्या बातमीचा रकाना यासाठीच ठेवला होता. जागेवरून काढलेला निष्कर्ष नेहमी कच्चा. शब्दांवरून काढलेला जास्त टिकतो, कारण पहिलं पान कितीही भरलेलं असलं तरी ‘रखडली’ आणि ‘रोखली’ यांना जागा जवळपास सारखीच लागते.

जाहिरातीही बघा. त्याच अंकात सरकारी योजनेची पानभर जाहिरात असेल तर नोंदवा, पण त्यावरून कार्यकारणभाव जोडू नका. आचारसंहितेच्या तोंडावर सगळ्याच पेपरांत त्या असतात.

१२. आता त्या मित्राला बोलवा

बातम्यांची कात्रणं करा, पेपरचं नाव आणि वार्ताहराचं नाव झाका, अक्षरांचा टाइप ओळखू येत असेल तर मजकूर साधा टाइप करून घ्या. मित्राला तोच कोरा तक्ता द्या. तुमचा भरलेला दाखवू नका. त्यानं भरल्यावर दोन्ही तक्ते जुळवा. क्रियापद, कर्ता, शेवटचा बोलणारा या रकान्यांत फरक पडू नये. पडला तर दोघांपैकी एकानं बातमी नीट वाचलेली नाही. ‘ओळख’ आणि ‘सूत्रं’ या रकान्यांत पडेल, तिथे बसून बोला. ज्या ओळीवर शेवटपर्यंत एकमत होत नाही ती ओळ निष्कर्षातून काढून टाका. अशा ओळी किती काढल्या हे मात्र सांगा.

निष्कर्ष लिहिताना वाक्य असं असावं: ‘या पेपरच्या मुंबई आवृत्तीनं २०२०च्या यादीला तपासलेल्या बातम्यांत इतक्या वेळा पुनर्वसन म्हटलं, २०२४च्या यादीला एकदाही नाही.’ ‘हा पेपर विकला गेलेला आहे’ हे वाक्य तुमच्या तक्त्यातून निघत नाही, कारण तक्त्यात पैशांचा रकाना नव्हता. हेतू कुणाचाच सिद्ध होत नाही. उपसंपादक रात्री अकराला घाईत असतो, मथळ्याला अक्षरं मोजून मिळतात, आणि ‘दणका’ हा शब्द तीन अक्षरांत बसतो.

सुरुवात करायची असेल तर एकच पेपर, दोनच तारखा आणि फक्त क्रियापदाचा रकाना घ्या. सप्टेंबर २०२२चे अंकही जवळ ठेवा. जुनी यादी मागे घेतली त्या दिवशी काही मथळ्यांत सरकार कर्ता असेल, काहींत राज्यपाल, आणि काहींत कुणीच नाही. तिथून तक्ता भरायला घ्या.